सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा

बंगल्यातल्या खुनाची एक गंमत असते. बाहेर पाऊस, फाटक बंद, आत आठ-दहा माणसं आणि त्यांतलाच एक खुनी. शेवटी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो. सगळ्यांना म्हणजे मालकीणबाई, पुतण्या, वकील, डॉक्टर, स्वयंपाकी, सगळ्यांना. अ‍ॅगथा ख्रिस्तीची १९२० साली आलेली पहिली कादंबरीच अशा इंग्लिश हवेलीत घडते. नंतर या हवेल्यांवर इतक्या मालिका निघाल्या की तिथल्या गालिच्यावर रक्त नसेल तर चुकल्यासारखं वाटावं.

आपल्याकडे हा खेळ ‘सीआयडी’ने एकदा जबरदस्त खेळला. २००४ साली ‘द इनहेरिटन्स’ नावाचा एपिसोड आला. एकशे अकरा मिनिटं, लोणावळ्यात शूट केलेला, कॅमेरा एकदाही न थांबवता. गिनेसमध्ये त्याची नोंद झाली. एरवी सीआयडीत धक्का बसला की तोच चेहरा तीनदा झूम होतो, धाड धाड धाड. इथे कटच नाही, त्यामुळे ती सोयही नाही. नटाला घाम आला तर तो आपल्यासमोरच पुसावा लागतो. बी. पी. सिंग मूळचे कॅमेरामन, म्हणून हे धाडस त्यांना सुचलं असावं, असं मला वाटतं.

आमच्या बाबांना मात्र याचं कौतुक नाही. ‘प्रद्युम्न तुमचा. आम्ही साटमला त्याच्या आधीपासून ओळखतो,’ म्हणतात. ते बोलतात मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’बद्दल. पोलिसांचा शंभर नंबर, तेच मालिकेचं नाव. दिग्दर्शक हेच सिंग, आणि शिवाजी साटमही त्यात होते. बाबा तेव्हा भिवंडीत लूमवर होते. ज्या घरात टीव्ही, त्या घराच्या उंबऱ्यात बसून बघायचे. त्यातले पोलीस दार तोडत नसत, ते लोकांशी बोलत, एवढं बाबा अजून सांगतात.

मी हे सगळं बघतो ते दापोड्यात, नाइट शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर. दापोडं म्हणजे तुमच्या ऑनलाइन पार्सलचा एक मुक्काम. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवणं परवडायचं म्हणून भिवंडीच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली. २०१७ साली जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. जमीनवाल्यांचे तीन मजली बंगले झाले, गेटवर स्टीलच्या अक्षरांत आईचं नाव. इंग्लंडातली हवेली आम्हाला वाटते तितकी लांब नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गाळ्यात मोबाइलच्या एका खोक्यात अकरा नग कमी भरले. फाटक बंद झालं. बाहेर पाऊसही होता. पण दिवाणखाना अर्धाच भरला. ठेकेदाराची चाळीस पोरं जमिनीवर बसवली, चपला, डबे, बॅगा उलट्या केल्या. काचेच्या केबिनमधल्यांना कोणी उठवलंसुद्धा नाही. माल उतरवताना त्या खोक्याला शेवटचा हात ज्याचा लागला, तो पोरगा वीस वर्षांचा. त्याचं गेटचं कार्ड तिथल्या तिथे बंद झालं.

माझं काम इनवर्डचं, म्हणजे आलेल्या मालाची नोंद. रात्री मी कागद काढून बसलो. बिल्टीवर लिहिलेला सीलचा नंबर आणि गाडी आल्यावर आमच्या वॉचमनने वहीत लिहिलेला नंबर वेगळा होता. म्हणजे गाडी आमच्या फाटकात येण्याआधीच वाटेत कुठेतरी उघडली होती आणि नवं सील लागलं होतं. दोन्ही कागदांचे फोटो घेऊन मी साहेबांकडे गेलो.

‘तू काय सीआयडी आहेस?’ ते हसले. मग हसू गेलं. ‘ट्रान्सपोर्टवाल्याशी बघू आम्ही. तू हे ग्रुपवर टाकू नको.’

पंधरा दिवसांनी नुकसानीचा दावा ट्रान्सपोर्टवर गेला. त्या दाव्याला माझेच फोटो जोडले होते. म्हणजे कोड्याचं उत्तर सगळ्यांनी मान्य केलं होतं. तरी पोराचं कार्ड चालू झालं नाही. ठेकेदार म्हणाला, ‘आता दुसरा घेतलाय.’

बंगल्याच्या गोष्टीत निर्दोष ठरलेल्याला शेवटी कोणीतरी चहा देतं. तो परत आपल्या कामाला लागतो. तेवढा एक शॉट मी आता बघताना मागे घेऊन पुन्हा बघतो, आणि तो किती सेकंदांचा असतो ते मोजतो. बहुतेक वेळा तो नसतोच.

पोरगा आता पूर्ण्याला दुसऱ्या गाळ्यात लागलाय. परवा मानकोली नाक्यावर वडापावच्या गाडीवर भेटला. मी त्याला सीलची सगळी भानगड सांगितली, कुठला नंबर, कुठली वही. तो शांतपणे ऐकत होता.

‘दादा, ते फोटो आहेत अजून?’

‘आहेत.’

‘मला पाठवा ना. गावी बापाला दाखवायचेत.’