पिवळी माशी, पण कोणती?

आंब्याचे दिवस आले की पाहुण्यांच्या मागोमाग घरात इवल्या पिवळ्या माश्याही येतात. आपण सगळ्यांनाच 'चिलटं' म्हणून मोकळ्या होतो. पण त्यांत दोन अगदी निरनिराळ्या जाती असतात, आणि त्यांतला फरक ओळखणं फार अवघड नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या आंब्याच्या पेटीभोवती अशा माश्या जमल्या. "पेटीच किडली गं, टाकून दे सगळी," सासूबाई म्हणाल्या. शेजारच्या वहिनी तर फवाराच घेऊन आल्या. घरात रांगतं मूल, समोर खायची फळं. तिथं औषध मारायला माझं मन धजेना. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांना दाखवायला आणलेलं भिंग घरात होतं. एक मेलेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवली आणि पाहिलं.

लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, रंग पिवळसर तपकिरी, डोळे लालबुंद, पोटावर गडद आडवे पट्टे. हे खरं चिलट! फुटलेल्या, आंबू लागलेल्या फळावर ते येतं. चांगला आंबा ते किडवत नाही. आतून किडवते ती फळमाशी. ती याच्या दुपटीहून मोठी, जवळजवळ घरमाशीएवढी. पंख काचेसारखे, पाठीवर दोन पिवळ्या पट्ट्या, पोटावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी काळी खूण. मादीच्या पोटाचं टोक सुईसारखं. ते सालीत खुपसून ती आत अंडी घालते. फळमाश्या सापडल्या म्हणूनच मे २०१४ मध्ये युरोपीय संघानं आपल्या हापूसवर बंदी घातली. ती २०१५ च्या जानेवारीत उठली.

मग एकेक आंबा हातात घेऊन पाहिला. तळाचे दोन फुटलेले निघाले, ते काढले. बाकीचे धुऊन, कोरडे करून जाळीखाली ठेवले. वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून ओट्यावर ठेवलं. चिलटं वासानं येतात आणि त्यात बुडतात. केराचा डबा मात्र रोज धुवायचा, ओली फडकी वाळवायची. उन्हाळ्यात अंड्यापासून नवं चिलट व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दोन आठवडे तरी हा नेम मोडू नये.

त्या पेटीतल्या आंब्यांचा रस सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी काढला, आणि एक वाटी शेजारच्या वहिनींकडेही गेली.