‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फायली

आजची पोस्ट थोडी किचकट आहे, पण सरकारी याद्या मागणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

‘शेतकऱ्यांची’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह (झिरो विड्थ जॉइनर) आणि ‘य’. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ऱ’ थेट मिळतो. काही फोनेटिक कीबोर्ड दुसरा प्रकार उमटवतात. आपल्या डोळ्यांना फरक शून्य. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द.

आता यात बातमी काय? आमच्याकडची काही पोरं नुकसानभरपाईच्या याद्या ‘गिट’मध्ये ठेवतात. प्रोग्रामर लोक वापरतात ती सोय. फायलीत कुठली ओळ आली, कुठली गेली, कधी गेली, सगळी नोंद राहते. पहिल्या यादीतलं नाव दुसरीतून गळलं की लगेच सापडतं. पण दुसरी यादी टाइप करणाऱ्याचा कीबोर्ड वेगळा निघाला. नवी फाईल जुनीवर न चढता शेजारी जाऊन बसली, आणि गिटचं म्हणणं, जुन्या यादीत काहीच बदल नाही! गळलेली नावं अशीच झाकली जातात. कुणी मुद्दाम करायचीही गरज नाही.

गिट अक्षरं वाचत नाही, बाइट मोजतं. जुन्या मॅकवर ‘ऱ’ फुटून ‘र’ आणि नुक्ता असा साठायचा. त्यासाठी २०१२ साली गिटमध्ये सोय आली. युनिकोडच्या नियमानेही ते दोन एकच. पण जोडचिन्हवाला ‘ऱ्य’ त्या नियमात बसतच नाही, तो आपला आपणच पकडायचा. पोरांनी फाईल जमा होतानाच नाव तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावली, तेव्हा कुठे जमलं.

बाकी कटकटी किरकोळ. गिट मराठी नावांऐवजी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असले आकडे दाखवतं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नावं दिसतात. ‘विषय: पीकविमा’ हे नाव लिनक्सवर चालतं, विंडोजवर त्या विसर्गासारख्या दोन टिंबांपायी फाईल उतरतच नाही. उलट विंडोजवरचं लांबलचक ‘...करणेबाबत’ लिनक्सवर अडतं. तिथे मर्यादा सहसा २५५ बाइटची, आणि आपल्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. शासन निर्णयाचं शीर्षक त्यात मावेल तर शपथ!

‘मग नावं इंग्रजीत ठेवा ना,’ असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. यादी ज्यांची आहे त्यांना फायलीचं नाव वाचता यायला हवं. पुढे गावाचा क्रमांक आणि तारीख टाका, मागे आटोपशीर मराठी नाव. आणि कुणाला यादी पाठवाल तेव्हा फाईल मिळाली तशीच पाठवा, नाव पुन्हा टाइप करू नका.