फोनचा जावक क्रमांक

सरकारी कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्रावर एक क्रमांक आणि एक दिनांक असतो. त्याला आपण जावक क्रमांक म्हणतो. नोकरीत नव्याने आलेल्यांना हा निव्वळ कारकुनी सोपस्कार वाटतो. पण त्या एका ओळीत नागरिकाला दिलेली तीन आश्वासने असतात. हे पत्र खरोखर याच कार्यालयाने पाठविले आहे, ते अमुक शाखेतून निघाले आहे, आणि उत्तर द्यायचे तर ते कोठे द्यायचे हे ठरलेले आहे. नोंदवहीत नसलेला क्रमांक कोणी पत्रावर टाकला तर आपण त्याची चौकशी लावतो.

मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रशासनाचा मोठा भाग कागदावरून फोनवर गेला. मग फोनला जावक क्रमांक असतो का? माझ्या मते असतो. समोरच्या माणसाच्या पडद्यावर उमटणारा नंबर हाच तो क्रमांक. परंतु तो नंबर कोणी ठरविला, कोणत्या आदेशाने ठरविला, आणि त्यावर उलट फोन केला तर कोण उचलतो, हे प्रश्न आपण फारसे विचारत नाही.

जुन्या टेलिफोनच्या काळात हे प्रश्न पडण्याचे कारणही नव्हते. तांब्याच्या तारांची जोडी टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत जात असे आणि नंबर त्या तारेला बांधलेला असे. आपला नंबर काय दिसावा यात ग्राहकाला मत नव्हते. इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनमध्ये हे बदलले. असा फोन बहुधा एसआयपी नावाच्या पद्धतीने लावला जातो. तिचे आज वापरात असलेले मूळ मानक २००२ सालचे आहे. त्यात फोन लावणे म्हणजे एक छोटा संदेश पाठविणे. त्या संदेशात 'फ्रॉम' नावाचा एक रकाना असतो आणि तो फोन करणाऱ्याचेच यंत्र भरते. पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता आपणच लिहितो आणि टपाल खाते तो तपासत नाही, तसाच हा प्रकार. ही उणीव ओळखून त्याच वर्षी आणखी एक रकाना मानकात आला. त्यात ग्राहकाची ओळख पटवून घेतलेली दूरसंचार कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर नंबर नमूद करते. हा झाला टपाल खात्याचा शिक्का. पत्ता आणि शिक्का यांतला हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता एक अनुभव सांगतो. २०१९ साली दिल्लीतील एका कार्यालयाचे काम माझ्या देखरेखीखाली होते. निवृत्तिवेतनधारकांच्या काही प्रकरणांशी त्या कार्यालयाचा संबंध येई. दर नोव्हेंबरात निवृत्तांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. ज्यांचा दाखला आलेला दिसत नसे त्यांना डिसेंबरात फोन करण्याची चांगली प्रथा तेथील कर्मचाऱ्यांनी पाडली होती. मात्र त्या वर्षीच्या यादीत पानोपानी एकच शेरा दिसू लागला: 'फोन उचलत नाहीत.' त्याच सुमारास बिहारमधून एका वृद्ध विधवा बाईंचे हिंदीत लिहिलेले पत्र आले. त्यांनी लिहिले होते की तुमच्या कार्यालयातून मला तीनदा फोन आला, तिन्ही वेळा मी धावत पोहोचेपर्यंत तो बंद झाला, आणि त्या नंबरावर परत फोन केला की एक यंत्र इंग्रजीत काहीतरी बोलते. माझे पेन्शन बंद झाले आहे का, एवढेच कळवावे.

मी टेलिफोन यंत्रणेच्या ठेकेदाराच्या अभियंत्याला बोलावून घेतले. त्याच वर्षी जुने एक्स्चेंज काढून इंटरनेटवर चालणारी यंत्रणा बसविली होती. दिसणारा नंबर तिच्यात तीन ठिकाणी ठरविता येत होता: टेबलावरच्या प्रत्येक फोनसाठी, बाहेर जाणाऱ्या मार्गासाठी, आणि कंपनीकडून घेतलेल्या जोडणीसाठी. फोनवर स्वतंत्र नंबर भरलेला नसेल तर जोडणीवरचा नंबर जाई, आणि मार्गावर भरलेला नंबर वाटल्यास बाकीच्यांवर मात करू शके. ठेकेदाराने जोडणीवर कार्यालयाचा मुख्य नंबर भरून बाकी रकाने मोकळे सोडले होते. त्यामुळे सर्व टेबलांवरून गेलेला प्रत्येक फोन त्या एकाच नंबराने दिसे, आणि त्या नंबरावर उलट फोन केला की यंत्र अंतर्गत क्रमांक विचारे. तो त्या बाईंना कोठून ठाऊक असणार? एका मजल्यावर तर चार आकडी अंतर्गत क्रमांकच बाहेर पाठविला जात होता. तो कोणाला 'अज्ञात' दिसे, कोणाला अर्धवट. असा फोन शहाण्या माणसाने न उचलणेच योग्य.

अभियंता मोठा सज्जन होता. म्हणाला, "साहेब, कोणता नंबर दाखवायचा ते सांगा, तोच दिसेल." हे वाक्य त्याने मदतीच्या भावनेने उच्चारले, पण ते ऐकून मी थबकलो. मी विचारले, "आमचा नसलेला नंबर भरला तर?" तो म्हणाला, "भरता तर येईल. पुढे कंपनीने अडविला तर अडेल." म्हणून आमच्याच दुसऱ्या इमारतीतील, दुसऱ्या कंपनीच्या लाइनचा नंबर भरून पाहिला. आमच्या कंपनीने तो स्वीकारला नाही आणि त्याऐवजी मुख्य नंबर लावून फोन पुढे पाठविला. कंपनी दक्ष होती, हे बरे झाले. पण सगळ्याच कंपन्या इतक्या दक्ष असतील, असे कोण सांगणार?

त्यानंतर आम्ही काही नियम ठरविले. प्रत्येक शाखेला थेट लागणारा एक नंबर घ्यावा आणि त्या शाखेच्या सर्व फोनवरून तोच दिसावा. कर्मचाऱ्याचा वैयक्तिक नंबर दाखवू नये, कारण कर्मचारी बदलून जातो, शाखा राहते. कामाच्या वेळात माणूस उचलत नाही असा कोणताही नंबर दाखवू नये. नंबर देशाच्या ९१ या क्रमांकासह, सुरुवातीचे शून्य वगळून पूर्ण पाठवावा, म्हणजे पडद्यावरून थेट उलट फोन लावता येतो. प्रत्येक बदलानंतर निरनिराळ्या कंपन्यांच्या मोबाइलवर आणि एका साध्या लाइनवर फोन करून काय दिसते ते लिहून ठेवावे. आपत्कालीन सेवेला जाणाऱ्या फोनवर ज्या इमारतीतून फोन झाला तिचाच नंबर दिसावा, अन्यथा मदतीची गाडी दुसऱ्याच इमारतीकडे धावण्याचा संभव असतो. नंबर लपविण्याची मुभा कोणालाही तोंडी मिळू नये, त्यासाठी कारणासह लेखी आदेश असावा. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: ही मांडणी कोणी, केव्हा, कोणाच्या आदेशाने बदलली, याची नोंदवही ठेवावी.

विरोध झालाच. वित्त शाखेने विचारले की एका नंबरावर काम भागत असताना जादा नंबरांचे भाडे कशासाठी? यंत्रातला बदल अर्ध्या तासाचा होता, पण फाइल अडीच महिने फिरली. खरा विरोध मात्र एका अनुभवी सेक्शन ऑफिसरांनी प्रांजळपणे बोलून दाखविला. ते म्हणाले, "साहेब, शाखेचा नंबर लोकांना कळला तर दिवसभर फोन येतील." मी म्हणालो की येऊ देत, आपली नेमणूक त्यासाठीच आहे. फोन खरोखरच वाढले, आणि त्यांना पहिल्या महिन्यात एक जादा माणूस द्यावा लागला. 'उचलत नाहीत' हा शेरा मात्र पुढच्या हंगामात क्वचितच दिसला. त्या बाईंच्या बाबतीत असे निघाले की त्यांचा दाखला बँकेत वेळेवर पोहोचला होता, फक्त आमच्या यादीत पोहोचला नव्हता. एक फोन नीट लागला असता तर त्यांचे काही आठवडे काळजीत गेले नसते.

असो. हा एका कार्यालयाचा प्रश्न झाला. पण 'भरता तर येईल' या तीन शब्दांनी पुढे देशभर केवढा उत्पात केला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परदेशातून फोन करून पडद्यावर भारतीय नंबर दाखवायचा, आपण पोलीस किंवा तपास अधिकारी आहोत असे सांगायचे आणि भेदरलेल्या माणसाची आयुष्यभराची पुंजी काढून घ्यायची, हा धंदाच झाला. केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी असे फोन सीमेवरच अडविणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी फोन बनावट म्हणून अडविले गेल्याचे शासनाने जाहीर केले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचार ओळखीशी छेडछाड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. २०२४ मध्येच सेवाविषयक फोनसाठी १६० ने सुरू होणारी वेगळी क्रमांकमालिका ठरविण्यात आली. अमेरिकेने २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना इंटरनेटवरील फोनवर संगणकीय स्वाक्षरी करणे बंधनकारक केले. या साऱ्या उपायांचे सार एकच आहे: पाकिटावरच्या पत्त्यावर विसंबू नका, शिक्का तपासा.

तरीही यंत्रणा कितीही चांगली झाली तरी पडद्यावरचा नंबर हा पुरावा नव्हे, हे नागरिकांना सांगत राहिले पाहिजे. संशय आला तर फोन बंद करावा आणि त्या कार्यालयाच्या प्रसिद्ध केलेल्या नंबरावर स्वतः फोन करून खात्री करावी, हा सल्ला आपण सर्वजण देतो. सल्ला योग्यच आहे. पण तो पाळला जाण्यासाठी प्रसिद्ध केलेला नंबर चालू असावा लागतो आणि तो कोणीतरी उचलावा लागतो. खरे कार्यालय फोन उचलत नाही आणि खोटे कार्यालय मात्र अदबीने बोलते, अशी स्थिती असेल तर लोक कोणावर विश्वास ठेवतील? ठकांच्या यशात आपल्या न उचललेल्या फोनांचाही वाटा असतो.

कार्यालयाच्या तपासणीला गेलेला अधिकारी आवक-जावक नोंदवही आवर्जून पाहतो. माझी सूचना अशी की त्याने आणखी पाच मिनिटे काढावीत. कोणत्याही एका टेबलावरच्या फोनवरून स्वतःच्या मोबाइलवर फोन लावावा, पडद्यावर कोणता नंबर दिसतो तो टिपून घ्यावा, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन त्या नंबरावर उलट फोन करावा. पलीकडे कोण बोलते आणि काय बोलते, ते तपासणी अहवालात पहिल्याच परिच्छेदात लिहावे.