टॅपेट कव्हर आणि मे महिन्याचं ऊन

सोलापूर,
मे महिन्यातला रविवार

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, आण्णांची पद्मिनी गाडी अजून आहे का? मी नुसतं ‘आहे की’ म्हणालो आणि फोन ठेवला, कारण हात थिनरने भरले होते. आज सविस्तर लिहितो.

गाडी उत्तम चालते. स्टिअरिंगशेजारचा गिअर तसाच आहे, मागच्या सीटवर अजून चौघं आरामात बसतात. पण टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, कडेने ऑइल पाझरत होतं. कॉर्कचं गॅस्केट वाळून कडक झालेलं. ते बदलायला कव्हर काढलं आणि हातात धरून बघितलं, तर रंगाचे पापुद्रे सुटलेले, त्यावर चिकट काळी धूळ. असं कव्हर नव्या गॅस्केटवर परत ठेवायला मन होईना.

आधी उघड्या इंजिनवर स्वच्छ कापड टाकून वरून प्लास्टिक बांधलं. आत एक कण पडला तरी तो ऑइलबरोबर फिरत राहणार. मग कव्हर रॉकेलमध्ये भिजवलं, ब्रशने घासलं, कपड्याच्या पावडरीने दोनदा धुतलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे तुला माहीत आहेच, तरी त्यात काटकसर केली नाही. तेलाचा अंश राहिला की त्या जागी रंग धरत नाही, गोल डोळे पडतात. वाळल्यावर आधी 320 नंबरचा पॉलिश पेपर, मग 400 चा. सगळा रंग निघायला दोन संध्याकाळी गेल्या. खड्डे होते, पण लांबी भरली नाही. इंजिनच्या उष्णतेने साधी लांबी तडकते. गॅस्केट बसतं त्या कडेला मास्किंग टेप लावली, तिथे रंगाचा थर नको.

आणि इथे मी चुकलो. शेवटचं पुसायला टॉवेलचा नवा तुकडा घेतला. आपल्या गावात टॉवेलच्या कापल्या तुकड्यांना काय तोटा! पण त्याच्या फाशांतून सुटलेले तंतू कव्हरवर बसले आणि रंगाखाली अडकले. सकाळच्या तिरप्या उन्हात धरलं तर जणू केस उगवलेत. पूर्ण दिवस वाळू दिलं, 400 च्या पेपरने पाणी लावून घासलं, पुन्हा सुरुवात. या वेळी पुसायला आण्णांचं जुनं धोतर काढलं. शेकडो वेळा धुतलेलं, सायीसारखं मऊ. एक तंतू सुटला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मे महिन्यात दुपारी इथे रंग मारूच नये. फवारा कव्हरपर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मी सकाळी सहाला अंगणात बसलो. वारा पडलेला होता. हीटप्रूफ काळा रंग, वीतभर अंतरावरून, पहिला हात इतका पातळ की खालचा धातू दिसत राहावा. दहा-दहा मिनिटांनी आणखी दोन हात. डब्यावर दिलेली वेळ चुकवून अर्धवट वाळलेल्यावर पुढचा हात मारला, तर खालचा रंग सुरकुततो. मग ऊन चढल्यावर कव्हर पत्र्यावर ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून वर घमेलं पालथं घातलं. रंग मारताना नको वाटणारं ऊन वाळवताना फार कामी आलं. तू तिकडे थंडीत असला उद्योग केलास, तर रंगाचा डबा आधी कोमट पाण्यात ठेव, फवारा बारीक येतो. उकळत्या पाण्यात मात्र कधीच नको, डबा फुटेल.

पत्र्याखाली सावलीत बसलो असताना आपलं वालचंद कॉलेज आठवलं. वालचंद हिराचंद इथेच, सोलापुरात, 1882 साली जन्मले. त्यांनी 1944 साली प्रीमियर ही मोटार कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी बाहेर पडल्या. रोज त्यांच्या नावाखालून आपण आत जायचो आणि आण्णांच्या गाडीशी त्या नावाचं नातं आपल्या ध्यानातही नव्हतं! मुंबईत या गाडीची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची थांबली, ती बातमी वाचली तेव्हा मी बाहेर जाऊन आपली गाडी उगाचच सुरू करून बघितली होती. ही 1089 सीसीची गाडी धडधाकट ठेवायची, हे त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं.

दोन दिवसांनी कव्हर बसवलं. नट एकदम न आवळता आलटूनपालटून, थोडे थोडे. नाहीतर कॉर्क एका बाजूला दबतो आणि पुन्हा गळती. मग इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, बंद केलं, थंड होऊ दिलं, पुन्हा पंधरा मिनिटं चालवलं. हा रंग पक्का व्हायचा तो इंजिनच्याच उष्णतेने. सुरुवातीला उग्र वास आला, हलका धूर निघाला, मग दोन्ही थांबलं.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. आज सकाळी ते कोरडं होतं. आता आईला अक्कलकोटला न्यायचं आहे. निघण्याआधी बोनेट उघडून एकदा बघतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र