मागच्या दाराची मोटर

जुन्या गाडीत विजेवर चालणारं काही बिघडलं, की त्याचा नाद सोडावा आणि हातानं काम भागवावं, असं माझं ठाम मत होतं. सेंट्रल लॉक तर मला निव्वळ चैन वाटायची. आमच्या विंचूरला उपबाजारात येणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची धूळ. त्यात दारातली ती एवढीशी मोटर टिकणार तरी किती? मागचं डावं दार बटणाला दाद देईना, तेव्हा मी खुंटी हातानं वर-खाली करू लागलो.

आई त्या दाराशी बसू लागली, तसं हे मत डळमळू लागलं. संधिवातानं तिची बोटं वाकली आहेत. खुंटी तिच्यानं उचलत नाही. मागच्या दाराला बाहेरून किल्ली लावायची सोय नसते. आतली खुंटी खाली असेल, तर बाहेरच्यानं कितीही ओढलं तरी दार उघडत नाही. अपघातात एअरबॅग फुटली की बऱ्याच गाड्यांची कुलपं आपोआप सुटतात. पण ते काम करायचं असतं याच मोटरनं. नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर कायम गाडी चालवणाऱ्याला ही गोष्ट चैनीची कशी म्हणता येईल?

गॅरेजमध्ये ‘मोटर बदला’ म्हटल्यावर मेस्तरी म्हणाला, “भाऊ, आधी करंट बघू.” त्यानं फ्यूज पाहिला. दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरी तपासल्या. दाराच्या उघडझापीनं त्या तिथंच तुटतात. मग काच पूर्ण वर घेतली, डोअरपॅड उतरवलं, कपलर सोडवून टेस्ट लॅम्प लावला. बटण दाबताच दिवा क्षणभर लागला. करंट येत होता, म्हणजे मोटरच गेली होती. दिवा लागला नसता, तर नवी मोटर बसवूनही दार तसंच राहिलं असतं.

आत असते एक छोटी मोटर, प्लॅस्टिकचे गिअर आणि कुलपापर्यंत जाणारा रॉड. करंटची दिशा उलटली की तोच रॉड उलटा सरकतो. आमच्या गाडीत मोटर सुटी निघाली. अनेक नव्या गाड्यांत ती कुलपातच असते आणि अख्खं कुलूप बदलावं लागतं. जोडताना मेस्तरीनं आतला प्लॅस्टिकचा कागद नीट चिकटवला आणि दाराच्या तळाची, मातीनं बुजलेली भोकं मोकळी केली. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तिथूनच निघून जातं.

आज माझं म्हणणं एवढंच आहे: बिघडलेलं कुलूप अंगवळणी पाडून घेऊ नका. आधी करंट तपासा, मगच मोटर बदला. म्हातारं माणूस किंवा लेकरू ज्या दाराशी बसतं, त्याची दुरुस्ती सगळ्यांत आधी करा. गाडी कितीही जुनी असो, तिचं प्रत्येक दार आतून आणि बाहेरून उघडलंच पाहिजे.