क्रिननचा कालवा

आमच्या बेळगाव भागात कालवा म्हटला की शेताचे पाणी. पाटकऱ्याशी हुज्जत घालणारे शेतकरी मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळे 2017 च्या मे महिन्याच्या सुट्टीत ग्लासगोला लेकीकडे गेलो असताना जावई म्हणाले, "बाबा, उद्या कालव्यातून फिरायला जाऊ," तेव्हा मला हसूच आले. कालव्यात म्हशी डुंबतात, माणसे कशाला फिरतील?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा कालवा उणापुरा नऊ मैलांचा. तिथे किंटायर नावाचा जमिनीचा लांबच लांब सुळका समुद्रात शिरला आहे. त्याला वळसा घालताना छोटी गलबते वादळात सापडत. तो वळसा टाळण्यासाठी जॉन रेनी यांनी आखलेला कालवा 1801 मध्ये खुला झाला; तोही अर्धामुर्धा, कारण पैसा संपला होता. (सरकारी कामे तिकडेही अशीच, म्हणून मी सुखावलो, पण निघाली ती खासगी कंपनी!) पुढे टेलफर्ड यांनी तो नीट केला. 1847 मध्ये राणी व्हिक्टोरिया इथून गेली ती घोड्यांनी ओढलेल्या नावेतून. आमची नाव जावयांच्या मित्राची, छोट्या इंजिनाची. काठाने चालणारी माणसे सहज पुढे जात होती.

नावेत माझा नऊ वर्षांचा नातूही होता. त्याला मराठी समजते, पण बोलायचा इंग्रजीत. गेल्या गेल्याच मी लेकीला सुनावले होते, "मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक, आणि माझ्या नातवाची ही तऱ्हा?" ती काही बोलली नाही. नातू त्यानंतर माझ्यासमोर यायचेच टाळू लागला.

कालव्यावर पंधरा लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. नाव आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या दरवाजातली झडप हँडल फिरवून उचलायची. वरचे पाणी आत येते, नाव हळूहळू वर चढते. मग दरवाजाची लांब तुळई पाठीने रेटायची. पाणी जरासे जरी कमी असले तरी चार पैलवान लावा, दरवाजा हलत नाही. पातळी जुळली की शाळकरी पोरही उघडते. मी दोनदा उगाच जोर काढून कंबर धरून बसलो.

केर्नबानला चढ संपतो. तिथला लॉकवाला म्हातारा गप्पिष्ट होता. येताना रस्त्यावर इंग्रजीबरोबर गेलिक भाषेतल्याही पाट्या पाहिल्या होत्या. पाट्यांचा विषय आपल्याला काही परका नाही! मी विचारले, "तुम्हांला येते का ती भाषा?"

"समजते. आजी गेलिकच बोलायची. पण मी तोंड उघडले की चूक काढायची. मग मी उघडलेच नाही."

हे तो हसत हसत म्हणाला. मी लेकीकडे पाहिले नाही.

पुढे उतार लागला. उजवीकडे दलदलीचे सपाट माळरान आणि पलीकडे डनॅडची खडकाळ टेकडी. आयर्लंडशी नाते असलेल्या गेलिक राजांचे हे ठाणे. तिथे खडकात कोरलेले एक पाऊल आहे. ज्यांच्या भाषेत इथे राज्य चालले, तिचे बोल लॉकवाल्याच्या आजीबरोबर त्याच्या घरातून गेले होते.

पुढच्या लॉकला मी सवयीने तुळईला पाठ लावली. शेजारी नातू येऊन उभा राहिला. खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, थांबा. पाणी अजून उतरली नाही."

'उतरले!' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तीस वर्षांची सवय आहे. मी तो गिळला आणि म्हणालो, "नाही ना? मग थांबू या. झाले की तू सांग."

त्याने सांगितले. आम्ही दोघांनी रेटले. दरवाजा उघडला.

नंतर तो थांबेचना. निळ्या फुलांचा गालिचा, बदके, पूल, सगळ्यांवर मोडकेतोडके काहीतरी बोलत होता. क्रिननला शेवटच्या लॉकपलीकडे पाणी चमकले तेव्हा तो ओरडला, "आजोबा, समुद्र आली!"

लेकीने माझ्याकडे पाहिले.

"आली खरी," मी म्हणालो आणि दोर गुंडाळायला घेतला.