वॉटर पार्क, गाळलेलं पाणी आणि लेकीचा प्रश्न



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या घरांत एक तरी वाद होतोच. यंदा आमच्याकडे तो वॉटर पार्कवरून झाला. पुण्याहून वन्संचा फोन आला, "इथे जवळच्या पार्कात नवीन स्लाइड आलीय. आमच्या पोरांनी डोकं खाल्लंय. तुझ्या दोघांना घेऊन ये, सगळी मिळून जाऊ." फोन स्पीकरवर होता. दोन्ही मुलांनी कान टवकारलेच होते. माझं उत्तर मात्र ठरलेलं होतं, "नको हो वन्सं. इतकं पाणी, तेही न गाळलेलं. आम्हाला नाही चालत."

फोन ठेवला तशी तेरा वर्षांची लेक म्हणाली, "आई, तुझ्या धर्मात सगळं 'नाही'च असतं का गं?"

'नाही' या शब्दाचं मला काही वाटलं नाही. 'तुझ्या' हा शब्द लागला. आपल्या म्हणाली नाही ती.

रात्री झोप येईना. मुंबईत गोराईला वॉटर किंगडम सुरू झालं ते 1998 साली. मी तेव्हा कॉलेजात होते. पुढच्या वर्षी वर्गातल्या मुली मुंबईची सहल करून आल्या, त्यात तेही होतं. मला घरून पाठवलं नव्हतं. आईने कारण सांगितलं असेल, पण ते मला आज आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पुढचा महिनाभर त्या मुली एकमेकींना काहीतरी सांगून हसायच्या आणि मी वही उघडून बसायची. जीवदया त्या दिवशी मी शिकले नाही. ती शिकले नंतर, लग्न होऊन मिरजेला आल्यावर, सासूबाईंकडून.

आमच्या सासूबाई आजही पिण्याचं आणि सोवळ्याचं पाणी घरच्या विहिरीचं घेतात. दुहेरी कापडाने गाळायचं, गाळण्यावर राहिलेली जिवाणी अलगद पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. गाळलेलं पाणी 48 मिनिटं चालतं, उकळलेलं 24 तास. घड्याळ न बघता त्यांना वेळ कळते. लग्न झालं तेव्हा मला हे सगळं जड वाटायचं. एकदा त्या म्हणाल्या, "गाळून फक्त हलतेचालते जीव वाचतात गं. पाणी स्वतःच जीव आहे, ते कुठल्या कापडाने वाचवणार? ते कमी वापरूनच वाचतं." तेव्हापासून माझा नळ बारीक झाला.

सकाळी त्यांच्यापुढे विषय काढला. मला वाटलं, त्याही नाहीच म्हणतील आणि माझी सुटका होईल. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ने त्यांना. पण मोजून ने." मग त्यांनीच सांगितलं. आपण गृहस्थ आहोत, आपलं सगळं सुटलेलं नाही. म्हणून आपल्याला परिमाण सांगितलंय. आयुष्यभराचा त्याग झेपत नसेल तर मुदतीचा नियम घ्यायचा. तेव्हा ठरलं ते असं : वर्षातून एकदाच. चातुर्मासात नाही, अष्टमी-चतुर्दशीला नाही. पिण्याचं पाणी घरचं. जेवण सूर्यास्ताच्या आत. आणि त्या दिवसाची आलोचना त्याच रात्री. लेकीने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे जायचंय ना?"

गेलो. खरं सांगते, मी दिवसभर बाकावर पिशव्या सांभाळत बसणार होते. बसलेही बराच वेळ. आणि बसल्या बसल्या बघत राहिले, की ही एवढी माणसं इथे येतात ती नेमकी कशासाठी?

पहिलं उत्तर सोपं. नव्यासाठी. फाटकातून आत आलेला प्रत्येक जण आधी नवीन स्लाइड कुठे आहे तेच विचारत होता. आमची फौजही तिकडेच पळाली. उन्हात सव्वा तास रांग, वरपर्यंत जिने चढायचे, आणि खाली यायला अर्धा मिनिटही नाही. परत आल्यावर धाकट्याला विचारलं, "कसं वाटलं?" तो म्हणाला, "कळलंच नाही, डोळे मिटले होते." पुन्हा मात्र कोणी तिकडे गेलं नाही. पुढचे तीन तास सगळी लाटांच्या तलावात होती. भोंगा वाजला की लाटा सुरू, थांबला की बंद. त्यात नवीन काही नव्हतं. एकमेकांचे हात धरून उभं राहायचं आणि लाट आली की किंचाळायचं, एवढंच. यायला निमित्त नवीन स्लाइडचं असतं आणि थांबायला कारण जुनं पाणी. पार्कवाल्यांनाही हे माहीत असणार. तरी त्यांना अधूनमधून एखादी नवी स्लाइड उभारावीच लागते, नाहीतर एकदा येऊन गेलेला दुसऱ्यांदा येत नाही.

बायकांना काय हवं होतं ते शेजारच्या बाकांवर ऐकू आलं. कपडे बदलायला कडी लागणारी जागा. स्वच्छ संडास. सावलीतला बाक. सामान ठेवायला लॉकर, म्हणजे आळीपाळीने राखण करत बसायला नको. आणि खाण्यासारखं काही. फलकावर 'जैन' लिहिलेलं होतं म्हणून मी काउंटरवर चौकशी केली. मुलगा म्हणाला, "कांदा-लसूण नाही मॅडम." "आणि बटाटा?" "तो आहे ना." आम्ही केळी खाल्ली.

एका आजींचं मात्र मनात राहिलं. नऊवारी नेसून लाटांच्या कडेला येऊन उभ्या होत्या, नुसते पाय भिजवायला. गार्डने नम्रपणे मागे सरायला सांगितलं. नियम चुकीचा नाही. सुती कापडाचे धागे गाळणीत अडकतात, रंग उतरतो, लांब कापड पायात गुंतलं तर माणूस बुडू शकतो. म्हणून नायलॉनचेच कपडे लागतात. पण त्या आजींना स्लाइड नको होती, नवीन काही नको होतं. घोटाभर पाणी हवं होतं फक्त. त्यांच्यासाठी तिथे काही नव्हतं.

दुपारी लेक आली. ओली, ओठ निळसर. "आई, ये ना. नुसती बसून कंटाळशील." मी नको म्हणणार होते. तिचा तोच चेहरा पुन्हा दिसला. भाड्याने मिळतो तो पूर्ण बाह्यांचा पोशाख घेतला आणि लेझी रिव्हरमध्ये उतरले. ट्यूबवर बसायचं, पाणी आपोआप नेतं. कोणी आपल्याकडे बघत नाही, कोणाचा डबा भरायचा नाही, कशाची वेळ गाठायची नाही. लेकीने माझी ट्यूब धरली होती. ती शाळेतल्या एका मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती, जे तिने घरी महिनाभर सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं.

आणि तिथेच मिरजेचं स्टेशन आठवलं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा आमच्या मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली, सुमारे पंचवीस लाख लिटर. स्पर्धेचा एक मोठा जलतरण तलाव भरायला साधारण तेवढंच पाणी लागतं. म्हणजे एका शहराची तहान घेऊन जाणारी आख्खी गाडी आणि एक तलाव! पार्कातलं पाणी रोज फेकत नाहीत हे खरं. तेच पाणी वाळूच्या गाळणीतून जातं, क्लोरीन घालून पंपाने पुन्हा वर चढतं. तरी उन्हाने उडतं, अंगाबरोबर बाहेर सांडतं, गाळण्या धुताना जातं, आणि तेवढं रोज नव्याने घालावं लागतं.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण पाणी सांडणंही येतं. मी त्या ट्यूबवर बसून तेच विचारत होते, की हे विनाकारण आहे का? अजून पक्कं उत्तर मिळालेलं नाही. 'पाप लागतच नाही' असं मी म्हणणार नाही. क्लोरीन कशासाठी घालतात ते आपल्याला माहीत आहे. पण लेकीचं ते भांडण मला कळलं, हेही विनाकारण म्हणवत नाही.

संध्याकाळी सव्वासहाला गाडीतच दशम्या आणि चटणी खाल्ली. दोन दिवसांनी मिरजेला आलो. पोरांनी आजीला सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "आजी, तिथे पण पाणी गाळतात, मोठ्या मशिनीने."

सासूबाई म्हणाल्या, "ते माणसाला काही होऊ नये म्हणून गाळतात. आपण गाळतो ते त्या जिवांना काही होऊ नये म्हणून."

लेक काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती लवकर उठून पाणी गाळायला गेली, असं काही झालं नाही. नऊ वाजेपर्यंत झोपली होती. पण आठवड्याने तिच्या मैत्रिणीचा फोन आला, पुन्हा जाऊया म्हणून. मी स्वयंपाकघरात होते. ती सांगत होती, "आमचं वर्षातून एकदाच असतं गं. आता पुढच्या मे मध्ये."

'आमचं' म्हणाली.

तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी सांगते. नियम घरी ठरवा, फाटकावर नाही. घरचं पाणी आणि डबा आत नेऊ देतात का ते आधी फोन करून विचारा, 'जैन' फलकावर विसंबू नका. संध्याकाळचा डबा गाडीत ठेवा. आणि बाकावर दिवसभर बसू नका, मुलांजवळ थोडा वेळ तरी जा. सासूबाई बरोबर असतील आणि त्यांना पाण्यात उतरायचं नसेल, तर सावलीतली जागा आधी त्यांच्यासाठी शोधा.

तुमच्या घरी याबाबत काय ठरवलंय? नाहीच म्हणता की मोजून? नक्की कळवा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा.

जय जिनेंद्र.